कमरेच्या सुरीबद्दल, दिग्याला

देवगड,
मे महिन्याची अखेर

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ट्रेकला आणि एरवीही जवळ बाळगायला न मिटणारी छोटीशी सुरी घ्यायची म्हणतोस, बेत उत्तम आहे. पण पत्रासोबतचं ते चित्र बघून घरात सगळे हसले. सात इंचांचं काळं पातं, पाठीवर करवतीचे दात आणि पोकळ मुठीत होकायंत्र! राजगडावर नेऊन करणार काय त्याचं? काकडीच चिरणार ना? एवढ्या जाड पात्यानं काकडी चिरत नाही रे, फुटते. आणि मूठ पोकळ म्हणजे पातं मुळाशीच कमकुवत. त्याचं पोलाद मुठीत चांगलं खोलवर गेलेलं हवं.

कमरेला पातं लावून फिरणं आमच्याकडे जुनंच. बागेत निघालेला माणूस कमरेला मागच्या बाजूला आकडी बांधतो, तिच्यात कोयती अडकवतो आणि चालू लागतो. पण कोयती पडली तोडायची. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, सुतळी कापायची, ड्रिपच्या नळीचा तुकडा पाडायचा, तिथे ती आडदांड वाटते. त्यासाठी मी छोटी सुरी ठेवतो. तीन इंच पातं, जाडी दोन-अडीच मिलिमीटर आणि चारही बोटं मावतील अशी मूठ. मूठ लहान असलेली मात्र घेऊ नकोस. ओल्या हातातून घसरली की बोट धारेवरच जातं.

मिटणारा चाकू खिशाला बरा, कबूल. पण तो फणसाला लावून बघ. फणस आम्ही कोयतीनंच फोडतो, नंतर पाव, म्हणजे मधला दांडा, काढायला आणि गरे सोडवायला सुरी लागते. हाताला नि पात्याला आधी खोबरेल चोपडायचं, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. पांढरा चीक पाव कापताच ओघळायला लागतो, तो कागदानं टिपायचा, पुन्हा तेलाचं बोट फिरवायचं आणि पुढची फोड घ्यायची. हाच चीक मिटत्या चाकूच्या सांध्यात शिरला की चाकू अर्धवट उघडाच राहतो, मग काडीनं कोरत बसा. सरळ सुरीला सांधाच नाही. पुसली, धुतली, म्यानात घातली. कलमं बांधायला मात्र मी ती वापरत नाही. पाचर कलमाच्या कापाला वेगळी, स्वच्छ, वस्तऱ्यासारखी धार लागते, तो चाकू दुसऱ्या कशालाही लावायचा नसतो.

पोलादाचं म्हणशील तर साध्या कार्बन पोलादाला धार झटकन लागते. पण कैरी चिरली की पातं काळं पडतं आणि आमच्या खाऱ्या हवेत तेल लावायचं राहिलं तर सकाळी तांबेरा दिसतो. तुला पुण्यात एवढी निगा जमायची नाही, तू स्टेनलेसच घे. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या या कामाला मला पसंत आहेत. त्यांची कंपॅनियन सुमारे दहा सेंटिमीटर पात्याची, एल्ड्रिस त्याहून आखूड, जेमतेम सहाची. दिसायला दोन्ही साध्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्या. पण कापतात.

म्यान चामड्याचं नको. पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि ओल धरून ते पातं गंजवतं. प्लॅस्टिकचं घे, तळाला पाणी निथळायला भोक असलेलं. घेताना सुरी म्यानासकट उलटी धरून हलवून बघ, खाली आली तर दुकानातच ठेव.

आता कायद्याचं. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरकामाची नि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. आपली सुरी त्याच्या कितीतरी आत बसते. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चे जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा सुरी बाळगणंही अडचणीचं होतं. मेट्रोत तर ती आत नेऊच देत नाहीत. म्हणून शहरात कमरेला लावून मिरवू नकोस. ट्रेकच्या पिशवीत तळाशी ठेव, गडाच्या पायथ्याशी बाहेर काढ. विमानाने जाताना हातातल्या पिशवीत चुकूनही नको, चेक-इनच्या सामानात टाक. आणि कुणी अंगावर आलं तर उपयोगी पडेल, हे जे शेवटी लिहिलं आहेस ते डोक्यातून काढून टाक. अशा वेळी पळावं.

विकतचं नको असेल तर इथला लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून करून देतो. फक्त स्टेनलेस मिळणार नाही, तेल तुला लावावंच लागेल. पाट्याचं पोलाद चिवट असतं, आणि हा माणूस पाणी दिल्यावर, म्हणजे लाल पातं बुडवून कडक केल्यावर, ते पुन्हा बेतानं तापवून कडकपणा उतरवतो, त्यामुळे धारेचे टवके उडत नाहीत. पात्याचं नि मुठीचं माप कागदावर खऱ्या आकारात काढून पाठव, पंजाचीही रेघ मार. जरा लवकर कर. पेरणी तोंडावर आली की त्याच्याकडे विळे-कोयत्यांची रांग लागते, मग तुझ्या सुरीला कोण विचारतो!

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आंब्याच्या दोन पेट्या वेगळ्या पाठवतोय.

तुझा,
बाळा