काकू, तुम्ही मला बातम्या ऐकायला शिकवले

पुणे, १० जून २०२२

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी, ७ जूनला, दूरदर्शनचे वृत्तनिवेदक प्रदीप भिडे गेले. दुपारच्या पाळीवर असताना मोबाइलवर ती बातमी वाचली आणि पहिली आठवण तुमची झाली. लगेच फोन करावासा वाटला. परंतु आता फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जे बोलायचे होते ते ओरडून सांगण्यासारखे नव्हते, म्हणून लिहितो आहे. भिडे यांच्याविषयी गेले तीन दिवस पुष्कळ लिहिले गेले. त्यांचा भारदस्त आवाज, स्वच्छ उच्चार आणि शांत मुद्रा सगळ्यांनी आठवली, आणि ते योग्यच आहे. पण तो आवाज नुसता कानावर न पडता आमच्यासारख्या घरांतील मुलांच्या उपयोगी पडला तो कोणामुळे, हेही कोणीतरी चारचौघांत सांगायला हवे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

१९८४ साली आम्ही माण तालुक्यातून पुण्यात आलो, तेव्हा मी पाचवीत होतो. तळमजल्यावरच्या आमच्या एका खोलीत पाणी हे 'पानी' होते आणि कोण हा 'कोन' होता. शाळेत पहिल्याच आठवड्यात धडा मोठ्याने वाचताना सारा वर्ग हसला, आणि गुरुजींनी हसणाऱ्यांना थांबवले नाही. त्यानंतर वाचायला उभे राहिले की माझा घसाच बंद होई. ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. तुम्हाला ती कशी कळली, हे मला अजूनही उमगलेले नाही.

तुमच्या खोलीत लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले, त्यामुळे वाड्यावरच्या सगळ्या अँटेनांची तोंडे सिंहगडाकडे असत. रविवारच्या चित्रपटाला तुमच्याकडे वाड्यातली सगळी मुले दाटीवाटीने बसत. बातम्या लागल्या की मात्र एकेक जण उठून जाई. एका संध्याकाळी मीही उठलो, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून पुन्हा खाली बसवले आणि म्हणालात, "हे श्वास कुठे घेतात, तेवढे बघ."

पडद्यावर भिडे होते. तोपर्यंत बातम्या म्हणजे मोठ्या माणसांचा विषय, एवढेच मला ठाऊक होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाकडे पाहिले. ते कागदावरून वाचत होते, वाक्य संपता संपता मान वर करून आमच्याकडे पाहत होते, आणि लांबलचक वाक्यातही त्यांना कोठे धाप लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वर्तमानपत्र पुढ्यात ठेवले आणि पेन्सिलीने त्यावर खुणा केल्या. थोडे थांबायचे तेथे एक उभी रेघ, श्वास घ्यायचा तेथे दोन. पहिल्या दिवशी मी चार ओळींतच अडखळलो. दिवाळीपर्यंत अर्धा रकाना न थांबता वाचू लागलो.

मधल्या काळात मी भिडे यांच्यासारखा खर्जातला आवाज काढण्याचा खटाटोप करू लागलो, तेव्हा तुम्ही मला थांबवलेत. आवाज त्यांचा आहे, तुझा तुझ्याचजवळ राहू दे, असे तुम्ही म्हणालात. 'ण' म्हणताना जीभ कोठे वळवायची ते तुम्ही दाखवलेत, पण माझी आई 'पानी' म्हणते ते चूक आहे, असे एकदाही म्हणाला नाहीत. उलट, घरी आईशी तिच्याच बोलीत बोलत जा, असे बजावलेत. शुद्ध बोलण्याच्या नावाखाली किती मुलांना स्वतःच्या आईबापांची लाज वाटायला शिकवले जाते, हे पुढे मी पाहिले. तुम्ही माझ्यावर ती वेळ येऊ दिली नाहीत, याचे मोल मला आज अधिक कळते.

त्या काळात बातम्या वाचणारी इतरही माणसे आपल्याला आवडत. डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे यांच्याविषयी तुम्ही भरभरून बोलत असा, आणि २००१ मध्ये द्रुतगती मार्गावरच्या अपघातात भक्तीताई गेल्या तेव्हा तुम्ही दिवसभर कोणाशी बोलला नव्हता. पण माझ्यासाठी बातम्या म्हणजे भिडेच राहिले. सुमारे चार दशके ते वाचत होते. ब्लॅक अँड व्हाइटचा रंगीत टीव्ही झाला, दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला सह्याद्री हे नाव मिळाले, शेजारी चोवीस तास ओरडणाऱ्या वाहिन्या आल्या, तरी वाईट बातमी सांगताना त्यांनी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. ऐकणाऱ्याच्या दुःखात आपले नाटक मिसळू नये, एवढा मान ते आपल्याला देत असत.

याचा उपयोग मला किती झाला, हे तुम्हाला कधी सांगितले नव्हते. मी एसटीत वाहतूक नियंत्रक झालो आणि गाड्यांची उद्घोषणा करणे हे माझे रोजचे काम झाले. सातारा-कराडमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे, हे दिवसातून कितीदा सांगतो याची गणती नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या बंद झाल्या, तेव्हाची गोष्ट निराळी होती. खिडकीसमोर माणसे दाटली होती. कोणाचे आईवडील गावात अडकले होते, कोणाचा फोन लागत नव्हता, आणि मला दर अर्ध्या तासाने हेच सांगायचे होते की आजही गाडी सुटणार नाही. पहिल्या वेळी माईक हातात घेतला तेव्हा पाचवीतल्यासारखा घसा बंद झाला. मग समोरच्या कागदावर मी पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारल्या, तेथे श्वास घेतला आणि सावकाश वाचले. एक आजोबा नंतर खिडकीशी येऊन म्हणाले, "गाडी नाही ते कळलं, पण तुम्ही नीट सांगितलंत." त्या वाक्यातला निम्मा वाटा तुमचा आहे आणि निम्मा भिडे यांचा. त्यांना तो पोचवायचा राहून गेला. त्यांना भेटण्याचा योग कधी आला नाही, आणि एक पत्र टाकावे, एवढे साधे मला सुचले नाही, याची खंत वाटते. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये, म्हणून हे लिहिले.

तुम्ही माझ्यासाठी जे केलेत त्याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. या रविवारी माझी सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने नाशिकला येतो. येताना सगळ्या वर्तमानपत्रांतले भिडे यांच्यावरचे लेख घेऊन येईन आणि तुमच्या उजव्या कानाशी बसून एकेक वाचून दाखवीन. पेन्सिल जवळ ठेवा.

आपला नम्र,
तळमजल्यावरच्या खोलीतला मुलगा