अक्का, करंगळीच्या त्या पेराला नमस्कार

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार. हे अनावृत पत्र आहे, कारण तुमचे आभार चार लोकांसमोरच मानायला हवेत. घरातलं अन्न वाया जाऊ नये आणि ताटात डाळी, उसळी, पालेभाज्या वाढाव्यात, यासाठीचं मोबाइल अ‍ॅप आज वापरण्याजोगं झालं आहे. ते कुठल्या कार्यालयात झालं नाही, सोलापुरात तुमच्या तव्याशेजारी झालं.

तुम्ही भाकऱ्या थापत होता. दोन्ही हात पिठात. आम्ही समोर फोन उभा करून ‘उरलेलं नोंदवा’ हे बटण दाबायला सांगितलं. तुम्ही ‘मग बघते’ म्हणाला नाहीत, हातही धुतले नाहीत. करंगळी वाकवून तिच्या पेरानं बटण दाबलंत. शेजारचं दाबलं गेलं. पुन्हा दाबलंत, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला शांतपणे म्हणालात, ‘बाळा, स्वयंपाक करताना बाईचे हात कोरडे असतात का कधी?’

ते बटण ४८ डीपीचं होतं (डीपी म्हणजे फोनच्या पडद्यावरच्या गोष्टी मोजायचं एकक), अँड्रॉइडच्या सूचनांमधलं किमान माप. बोटाच्या टोकाला ते पुरतं. पेर मात्र रुंद टेकतं, आणि ते नेमकं कुठं टेकलं हे दाबणाऱ्याला दिसत नाही. काचेवर पीठ बसलं की स्पर्श कधी लागतो, कधी नाही. आता बटणं ९६ डीपीची आहेत, दोन बटणांत २४ डीपी मोकळी जागा, सगळी पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात. चुकून दाबलं गेलं तर दहा सेकंद ‘परत घ्या’ तिथंच दिसत राहतं.

त्या पेरानंच पुढचंही सुचवलं. पूर्वी अ‍ॅप टाकलेलं अन्न ग्रॅममध्ये विचारायचं. खरकटं वजनकाट्यावर कोण ठेवणार? आता तीनच बटणं आहेत: मूठ, वाटी, ताट. प्रत्येक घरानं पहिले सात दिवस काट्यावर मोजायचं, म्हणजे त्या घरची मूठ किती ग्रॅमची ते कळतं. मग काटा कपाटात. मेथीच्या काड्या आणि दोडक्याच्या शिरा वेगळ्या नोंदवायच्या, नाहीतर निवडून-सोलून स्वयंपाक करणारं घर उगीच उधळं दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. त्या मोजणीत मात्र साली-देठंही धरलेली आहेत. घरच्या बाईला सल्ला द्यायचा तर हा फरक करावाच लागतो.

शिळ्या भाताचंही तसंच. अ‍ॅप लगेच ‘फोडणीचा भात करा’ म्हणायचं. तुम्ही विचारलंत, ‘रात्रभर कुठं होता भात?’ केवढा मोलाचा प्रश्न! तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उबेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. आता अ‍ॅप आधी ‘फ्रिजमध्ये की बाहेर?’ विचारतं. भात दोन तासांत फ्रिजमध्ये गेला असेल तरच फोडणी सुचवतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात एका तासात. बाहेर राहिलेला भात टाकायलाच सांगतं. अन्न वाचवायचं म्हणून माणूस आजारी पाडायचा नाही.

महिन्याचं ज्वारीचं पीठ एकदम दळून आणायचा सल्लाही तुम्हीच काढायला लावलात. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि दाण्यातल्या तेलामुळं पीठ कडवट होतं. ज्वारी टिकते, पीठ नाही. म्हणून आठ-दहा दिवसांचंच दळण.

याआधी एका मोठ्या शहरातल्या नामांकित मंडळींनी याच कामाचे भरपूर पैसे घेतले होते. त्यांच्या पडद्यावर अ‍ॅव्होकाडो होता, ‘केल’ ही परदेशी पालेभाजी होती, मटणावर लाल फुली होती. अंबाडी, चुका, शेपू नव्हते. पेंडी, म्हणजे भाजीची जुडी, हे मापच नव्हतं. सोलापुरातल्या एकाही स्वयंपाकघरात ते डोकावले नाहीत, याचा राग अजून जात नाही. लाल फुली बघून तुम्ही म्हणालात, ‘रविवारच्या मटणाला हात लावू नका, मंगळवार धरा.’ आता अ‍ॅप मंगळवारी शेंगाची आमटी सुचवतं, बुधवारी मटकीची उसळ, कधी झुणका. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते डाळी-कडधान्यांतून भरून निघतं. भाकरी-आमटीची जोडी म्हणूनच पुरी पडते. फुली काढून टाकली आहे.

सूचना दिवसातून एकच, संध्याकाळी साडेचारला, मंडईत निघायच्या आधी: ‘घरात मेथी आहे, आज संपवा.’ सकाळी नऊला ती येऊन उपयोग नव्हता, तोवर तुमच्या भाकऱ्या झालेल्या असतात.

अक्का, तुम्ही काही मागितलं नाहीत. कामाच्या घाईत तीन दुपारी दिल्यात, वर निघताना कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी हातात ठेवलीत. आपल्या मंडईत पेंडीवर चार मिरच्या न मागता टाकणारी माणसं आहेत. त्यांच्यामुळंच हे गाव राहायला चांगलं वाटतं.

कन्नड आणि तेलुगूतले शब्द भरायचं काम सुरू आहे. तुमच्या शेजारणीला अंबाडीचं तेलुगू नाव विचारून ठेवा. नवं अ‍ॅप घेऊन येतो तेव्हा हात धुऊ नका.

तुमची ऋणी,
अ‍ॅप करणारी मंडळी