वाडी रिकामी असताना फिल्डवर्क

संपादक महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत मानवशास्त्रावर चार ओळी वाचल्या. यूपीएससीला घ्यायचा, आटोपशीर अभ्यासक्रमाचा विषय. खोटं नाही. दोन पेपर, ५०० गुण. आमच्या वर्गातल्या निम्म्यांनी एम.ए.ला प्रवेश त्याचसाठी घेतलाय (आणि वसतिगृहात खोली मिळते म्हणून). पण या एम.ए.चा जीव फिल्डवर्कमध्ये असतो, आणि माझी तक्रार त्याचीच आहे.

गेल्या डिसेंबरात सत्र परीक्षा संपल्याबरोबर आम्हा चौदा जणांना बारा दिवस रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवर नेलं. मी पेण तालुक्यातलीच. निघण्याआधीच सरांना म्हटलं होतं, "सर, आता तिथे कोणी नसणार." दिवाळी झाली की कातकरी वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाची उचल अंगावर असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. आमच्याकडे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, कारण दिवाळीनंतर त्याच्या शेजारची जागा रिकामी झालेली असते. सर म्हणाले, "तारखा विद्यापीठाच्या, माझ्या नाहीत."

वाडीत एक्केचाळीस घरं. त्यातल्या सव्वीस घरांची दारं तारेने बांधलेली. आमच्या हातात आठ पानी छापील शेड्यूल, म्हणजे प्रश्नावलीचा फॉर्म, आणि प्रत्येकाला तीन कुटुंबं भरायची. तिसऱ्या दिवशी एकाच आजीच्या ओट्यावर आम्ही पाच जण वह्या उघडून बसलेलो.

आजी बोलत होत्या, मी वंशावळ काढत होते. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, मेलेल्यावर तिरकी रेघ. मुलांची वयं विचारली की त्या भट्टीचं गाव सांगत. "थोरली नागोठण्याच्या भट्टीवर झाली. हा पनवेलला. त्याच्या पाठची जगली नाय, ती मुरबाडला." फॉर्मात वयाच्या रकान्यात दोन आकडे मावतील एवढीच जागा. मी मागच्या कोऱ्या पानावर सगळं उतरवून घेतलं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षकांनी ते पान उलटलंच नाही. वयाचे रकाने कोरे म्हणून चार गुण गेले. त्याचं फार वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

वाईट वाटलं ते अहवालाचं. त्यातल्या तक्त्यानुसार त्या वाडीतली निम्मी माणसं साठीपुढची आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. उद्या कोणी तरी तो अहवाल ग्रंथालयातून काढून हा आकडा खराच समजून वापरेल.

पहिल्या सत्रात आम्हाला मालिनोव्स्की शिकवतात, लोकांत राहून अभ्यास करण्याची पद्धत रुजवणारा मानवशास्त्रज्ञ. १९१५ ते १९१८ दरम्यान दोन खेपांत तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तिथली भाषा शिकला. इरावतीबाई कर्व्यांचा फोटो तर विभागात शिरतानाच दिसतो. त्या माणसं असतील तिथे हिंडत गेल्या. आम्हाला दोन वर्षं नकोत, बारा दिवस पुरेत.

फेब्रुवारीत एका रविवारी मी स्वतःच्या पैशाने एसटीने त्या आजींच्या मुलाच्या भट्टीवर गेले. मालकाने आधी विचारलं, कुठल्या संस्थेच्या? मुलगा कच्च्या विटा उलथत होता, हात कोपरापर्यंत मातीचे. मी काही विचारायच्या आत त्यानेच विचारलं, "आय गोळ्या घेते का?" डिसेंबरात मी आजींना गोळ्यांबद्दल विचारलंच नव्हतं. शेड्यूलमध्ये तो प्रश्न नव्हता.

गौरी-गणपती ते दिवाळी या दिवसांत वाडी भरलेली असते. गणपतीच्या सुमाराला लावणी उरकलेली असते, कापणीला थोडा अवकाश असतो. अंतर्गत परीक्षा पंधरा दिवस मागेपुढे केल्या तरी शिबिर तेव्हा बसतं. तेही जमत नसेल तर डिसेंबरात आम्हाला भट्टीवर न्या. यंदाच्या तारखा अजून लागलेल्या नाहीत.

– एक विद्यार्थिनी, एम.ए. मानवशास्त्र (द्वितीय वर्ष), ता. पेण, जि. रायगड