उपवासकाळ, वजन आणि ताटातलं माप

प्रिय आई-बाबा,

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला. या उपवासकाळात दोघं एकवेळच जेवणार, म्हणजे तपही होईल आणि वजनही उतरेल, असं आई फोनवर म्हणाली. तुमचा हेतू फार चांगला आहे, पण हा मार्ग तुमच्या वयाला धोक्याचा आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी चर्चचा नियम बघा. उपवासाचं बंधन 18 ते 59 वयाच्या माणसांना आहे, तेही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. त्या दिवशीसुद्धा एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं चालतं. तुम्ही दोघांनी साठी ओलांडली आहे. मटण-चिकन वर्ज्य करण्याचा नियम मात्र तुम्हालाही आहे, तो जरूर पाळा. कम्युनियन (चर्चमधला ख्रिस्तप्रसाद) घेण्याआधीचा एक तासाचा उपवास वयस्कर आणि आजारी माणसांना लागू नाही. पाणी आणि औषध तर कुणालाच वर्ज्य नाही.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. तुमची मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड, पोटात अन्न असो-नसो, रक्तातली साखर खाली आणतेच. ती घेऊन उपाशी सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाऊ नका. घाम, थरथर, धडधड सुरू झाली तर तिथेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर तपासा, 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच घ्या आणि मग काहीतरी खा. जेवण कमी करायचं असेल तर गोळीचा डोस डॉक्टरांना आधी विचारायचा.

एकवेळ जेवण्यात आणखी एक तोटा आहे. या वयात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजनकाट्यावर आकडा उतरतो, पण जिना चढताना गुडघे लटपटतात. आई, तुझं वजन 74 किलो. सहा महिन्यांत चार किलो उतरले तरी रक्तदाबाला आणि गुडघ्यांना फरक कळेल, त्याहून घाई नको. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला 60 ते 70 ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम मासळीत साधारण 18 ते 20, एका अंड्यात 6, वाटीभर घट्ट वरणात 7 ग्रॅम मिळतात. शुक्रवारी मासळी चालते, पण तळून नको, कालवण करा, आणि त्यात खोबरं निम्मं घाला.

बायबलमधल्या निर्गमच्या 16 व्या अध्यायात मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेलं अन्न, माणशी मापाने गोळा करायला सांगितलं होतं. जास्तीचा ठेवला त्यात किडे पडले. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या ओळीतही मागणी आजच्यापुरतीच आहे. मला वाटतं, तुमच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेची खरी जागा हीच. आधी वाढून घ्या, मग प्रार्थना करा आणि त्यानंतर पातेलं टेबलावर ठेवू नका. भात एक वाटी, शिजलेला, दीडशे ग्रॅम, म्हणजे साधारण 200 कॅलरी. दोघांना तेलाची एक लिटरची पिशवी महिनाभर पुरली पाहिजे. आत्ता किती लागतात, ते पिशवीवर तारीख लिहून बघा. बहुतेक घरांत चूक तिथेच सापडते.

सोडायचंच असेल तर चहातली साखर सोडा. चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला 40 ग्रॅम. रविवार सोडून चाळीस दिवसांत माणशी 1.6 किलो साखर वाचते. तिचे पैसे आपल्या चर्चमधल्या विन्सेंट डी पॉलच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या, पेटीत टाका. त्याने वजन पाऊण किलोच्या आसपास उतरेल, फार नाही, पण ते टिकेल. बिनसाखरेच्या चहाबरोबर शंकरपाळी घेतली तर मात्र सगळं फुकट. चार वाजता डब्याकडे हात जाईल तेव्हा ‘प्रभू, आज पुरे’ एवढंच म्हणा आणि ग्लासभर ताक घ्या.

रात्री जेवल्यावर रोजरी (मरियेची जपमाळ) चालत म्हणा. तिच्या पाच रहस्यांना, म्हणजे पाच भागांना, वीसेक मिनिटं लागतात. आठवड्याला 150 मिनिटं चालायचं, त्यातली 140 अशी झाली, उरलेली दहा रविवारी चर्चला चालत जाऊन. वेग कसा ओळखायचा? जपमाळेतली नमो मरिया ही प्रार्थना मोठ्याने म्हणता आली पाहिजे, पण गायन गाताना दम लागला पाहिजे. अंगणातच फेऱ्या मारा, रस्त्यावर अंधारात नको. रोजरी सुरू करण्याआधी हात न टेकता दहा वेळा खुर्चीवरून उठा-बसा. आई, गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढव.

व्हॉट्सॲपवर फिरणारा दानिएल उपास, म्हणजे बायबलमधल्या दानिएलसारखं फक्त भाजी-पाण्यावर राहणं, वजनासाठी करू नका. दानिएलच्या पुस्तकातल्या पहिल्याच अध्यायाचं 15 वं वचन वाचा. राजाचं जेवण नाकारून दहा दिवस भाजी-पाण्यावर राहिलेली दानिएल आणि त्याच्या सोबत्यांसारखी ती मुलं अंगाने अधिक भरलेली दिसली! तो प्रश्न राजाच्या ताटाचा होता, वजनाचा नव्हता.

वजन आठवड्यातून एकदाच करा, सोमवारी सकाळी, चहाआधी. आदल्या दिवशी सुकट किंवा सुके बोंबील खाल्ले असतील तर मिठामुळे पाणी साठून किलोभर जास्त दिसेल, घाबरू नका. आणि आई, वजन वाढलं म्हणून कन्फेशनला जायचं कारण नाही. थायरॉइड आणि वंश यांचाही त्यात वाटा असतो, ते पाप नव्हे. तुझी थायरॉइडची तपासणी मात्र या आठवड्यात करून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव.

तुमची,
लेक