ग्रहांची चित्रे आणि ग्रहांची छायाचित्रे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीच्या पहिल्या पानावर जे मोठे रंगीत चित्र छापून आले आहे, त्याखाली ‘हिऱ्यांच्या ग्रहाचे छायाचित्र’ असे शब्द आहेत. ते छायाचित्र नाही. ते चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले चित्र आहे. अवकाश संशोधन संस्था अशी चित्रे प्रसिद्ध करताना ती काल्पनिक असल्याचे सोबत नमूद करतात आणि ती एक ओळ आपल्याकडे येईपर्यंत गळून पडलेली दिसते. रविवारीच लिहायला बसलो असतो तर भाषा राखता आली नसती, म्हणून हे पत्र सोमवारी लिहीत आहे.

राग येण्याचे कारण सांगतो. आमच्या वाडीतील सातवीतली एक मुलगी रविवारी दुपारी ते पान हातात घेऊन माझ्या खळ्यात आली आणि म्हणाली, “सर, तुमी तर म्हणालास, असलो ग्रह कोणी बघूक नाय. पेपरात तर फोटो इलो हा.” मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर अवसेच्या आसपासच्या रात्री सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, दुर्बीण लावून मुलांना आकाश दाखवतो. इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा चेहरा आजवर कोणत्याही मानवाने पाहिलेला नाही, हे मी त्या मुलांना दिवाळीच्या सुटीत सांगितले होते. मी अर्धा तास तिची समजूत घातली. तिने सगळे ऐकून घेतले, पण तिची नजर शेवटपर्यंत त्या लखलखीत चित्रावरच होती. तिला मी दोष देत नाही, कारण छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायला तिला आणि तिच्या आईला मीच शिकवले आहे.

ज्या ग्रहाविषयी आपण लिहिले, तो ‘५५ कॅन्क्री ई’ हा ग्रह खरोखरच अद्भुत आहे आणि त्यासाठी त्याला हिऱ्यांची गरज नाही. कर्क राशीत, आपल्यापासून सुमारे ४१ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याभोवती तो अठरा तासांच्या आत एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे आपला एक दिवस सरण्याआधी त्याचे वर्ष उलटून गेलेले असते. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे आठपट आहे, आणि ताऱ्याच्या इतक्या निकट असल्यामुळे त्याच्या दिवसाच्या बाजूला खडक वितळेल एवढी उष्णता आहे. हिऱ्यांची गोष्ट आली ती २०१२ साली. त्या ताऱ्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन अधिक आहे, असे त्या वेळी मानले जात होते आणि त्यावरून ग्रहाच्या पोटात कार्बन हिऱ्याच्या रूपात असू शकेल, असा तर्क मांडला गेला. दुसऱ्याच वर्षी ताऱ्याच्या प्रकाशाची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कार्बन समजला होता त्यापेक्षा कमी निघाला आणि त्या तर्काचा पायाच डळमळला. आपल्या लेखात पहिली अर्धी गोष्ट आहे, दुसरी अर्धी नाही.

परंतु या सगळ्याहून मला अधिक लागले ते हे की, हा ग्रह आहे हे कळले तरी कसे, यावर संपूर्ण पानात एक ओळही नाही. त्यासाठी मला ८ जून २००४ हा दिवस सांगितलाच पाहिजे.

त्या दिवशी शुक्राचे अधिक्रमण होते, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकत जाताना पृथ्वीवरून दिसणार होता, आणि तेव्हा हयात असलेल्या एकाही माणसाने ते पूर्वी पाहिलेले नव्हते. मृग लागण्याचे दिवस, शाळेला सुटी, आणि सकाळपासून आभाळ भरलेले. पावणेअकराच्या सुमारास अधिक्रमण सुरू झाले ते ढगाआड. मी खळ्यात तिवईवर दुर्बीण लावून, सूर्याची प्रतिमा पडावी म्हणून मागे पांढरा पुठ्ठा धरून आणि वर गोणपाटाची सावली करून बसलो होतो. वीस-पंचवीस मुले होती, त्यातली निम्मी कंटाळून परत गेली. साडेतीनच्या सुमारास पश्चिमेला ढग फाटले आणि पुठ्ठ्यावर भाकरीएवढा सूर्य उमटला. त्या भाकरीवर एक काळाभोर, काठ अगदी स्वच्छ असलेला, उडदाच्या दाण्याएवढा ठिपका होता. कोणी काही बोलले नाही. तरव्याकडून परत येणारी एक आजी इरले मागे सारून वाकली आणि तिने विचारले की हा डाग कसला. शुक्र आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “आमची सांजची चांदणी? ती दिवसाची हय खय इली?” त्या वर्षी उन्हाळाभर संध्याकाळी समुद्रावर ती चांदणी तिने पाहिलेली होती. पंधरा-वीस मिनिटांत ढग पुन्हा मिटले. २०१२ साली अधिक्रमण पुन्हा झाले, त्या सकाळी आमच्याकडे पाऊस होता, आणि आता पुढचे २११७ च्या डिसेंबरात आहे.

त्या पुठ्ठ्यावर आम्ही जे पाहिले, त्याच रीतीने सूर्यमालेबाहेरील बहुतेक ग्रह सापडलेले आहेत. फरक एवढाच की तो तारा फार दूर असल्यामुळे त्याची भाकरी दिसत नाही, नुसता प्रकाशाचा बिंदू दिसतो, आणि ग्रह त्याच्यासमोरून जाताना तो बिंदू किंचित मंदावतो. आपल्या या ‘हिऱ्यांच्या ग्रहा’मुळे ताऱ्याचा प्रकाश सुमारे तीन हजारांत एक भाग एवढा घटतो, ही घट २०११ साली मोजली गेली. त्याआधी, २००४ सालीच, ग्रहाच्या ओढीने ताऱ्याला बसणाऱ्या सूक्ष्म हेलकाव्यांवरून त्याचे अस्तित्व ओळखले गेले होते. हेलकाव्यांच्या याच पद्धतीने १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी ‘५१ पेगासी बी’ हा गुरूच्या जातीचा ग्रह शोधला. तो अवघ्या सव्वाचार दिवसांत आपल्या ताऱ्याची फेरी करतो, आणि या शोधासाठी त्या दोघांना २०१९ चे नोबेल मिळाले. अशा ग्रहांची संख्या २०२५ च्या सप्टेंबरात सहा हजारांपलीकडे गेली आहे. तारा कसा थरथरतो आणि कसा मंदावतो, हे मुलांना सांगितले तर त्यांचे डोळे विस्फारतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

लेखाच्या शेवटी ‘दुसऱ्या पृथ्वी’चाही उल्लेख आहे. शुक्राचा व्यास आपल्या पृथ्वीहून जेमतेम पाच टक्क्यांनी कमी आहे. दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळ कोणी खगोलशास्त्रज्ञ असतील आणि त्यांनी केवळ आकार मोजला, तर त्यांच्या वर्तमानपत्रात शुक्रही ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून छापून येईल. प्रत्यक्षात तेथे ४६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आहे, हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपटींहून जास्त आहे, आणि तो स्वतःभोवती उलट्या दिशेने इतका सावकाश फिरतो की एका गिरकीला २४३ दिवस लागतात, तर सूर्याभोवतीच्या फेरीला २२५. शेजारच्या घरी हे असे असताना ४१ प्रकाशवर्षांवरच्या घराविषयी सांभाळून लिहावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटरचे, त्यामुळे ‘४१ प्रकाशवर्षांपूर्वी’ हा आपल्या लेखातील शब्दप्रयोगही दुरुस्त व्हावा.

खरी छायाचित्रे मुळीच नाहीत, असे नाही. ‘एचआर ८७९९’ या ताऱ्याभोवतीचे ग्रह २००८ साली दुर्बिणीतून थेट टिपले गेले, आणि त्या छायाचित्रात ते ठिपके दिसतात, बिनचेहऱ्याचे ठिपके. ते छायाचित्र आपण छापले असते तर मी ते कापून माझ्या वहीत जपून ठेवले असते. आपल्या देशाने नाव दिलेला ग्रहही आहे. वैश्विक किरणांच्या अभ्यासक बिभा चौधुरी यांच्या नावावरून एका ताऱ्याला ‘बिभा’ आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’ हे नाव २०१९ साली मिळाले, आणि या संतमसाचे वर्ष आपल्या दोन दिवसांहून किंचितच मोठे आहे. आमच्या मुलांना यातले काहीच वाचायला मिळत नाही. ज्या जिल्ह्यात विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे, ग्रहण पाहण्यासाठीचे चौथरे दाखवून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण सांगितली जाते, त्या ग्रहणात सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करताना दिसलेल्या पिवळ्या रेषेतून पुढे हेलियम ओळखला गेला, त्या जिल्ह्यातील वाचकांना ताऱ्याचा प्रकाश कसा वाचतात हे समजणार नाही, असे आपण का धरून चालता?

रंगवलेल्या चित्रांनी आणखी एक नुकसान होते. २०२५ च्या दिवाळीत मी सड्यावर शनी दाखवला. त्या वर्षी शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ काठावरून दिसत होती, असे साधारण पंधरा वर्षांनी एकदा होते. दुर्बिणीतून शनी सुई टोचलेल्या मण्यासारखा दिसत होता. मला तो फार सुंदर वाटला. रांगेतल्या एका मुलाने पाहून झाल्यावर विचारले, “ह्यो खरो शनी हा काय?” पेपरातला शनी मोठा आणि सोनेरी असतो, हा तसा नव्हता. गॅलिलिओलाही १६१२ साली ही कडी अशीच दिसेनाशी झाली होती आणि तोही बुचकळ्यात पडला होता, हे सांगितल्यावर तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

शनीवरून आठवले म्हणून लिहितो. आपल्या दैनिकात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ‘या महिन्याचे आकाश’ अशी एक लहान चौकट येत असे. कोणता ग्रह कोणत्या दिशेला, किती वाजता उगवणार, एवढेच त्यात असायचे, आणि मी ती शाळेच्या फलकावर लावत असे. ती चौकट बंद झाली आणि त्या जागी शनीच्या साडेसातीवरचे सदर आले, जे आधीच्या राशिभविष्याव्यतिरिक्त आहे. मी याविषयी दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. ती चौकट पुन्हा सुरू करावी. मजकूर मी दरमहा विनामूल्य लिहून देईन.

चित्राविषयीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावी, ही विनंती. त्या मुलीने आपले पान वर्गाच्या भिंतीवर चिकटवले आहे. दुरुस्ती आली की ती शेजारी चिकटवायची असे आमचे ठरले आहे, आणि तिने तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग