पाच रुपये मागितल्याबद्दल

प्रिय चित्रकार ताई,

सप्रेम नमस्कार. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण बचत गटात सगळ्याजणी तुम्हाला ताई म्हणतात, म्हणून मीही. तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते पिशवीच्या कोपऱ्यात, धनेश पक्ष्याच्या शेपटीखाली आहे. पिशवी घेणाऱ्याला सापडतंच.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीकाठच्या झाडांना कितीतरी दिवस प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. राज्यात बंदी येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती! ते बघूनच आम्ही चिपळूणच्या आठ जणींनी मांजरपाटाचा तागा आणला. पिशव्या शिवल्या चांगल्या, पण खपल्या नाहीत. लोक बाजारातली ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी घेत. तीही प्लास्टिकचीच, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

मग कुणाच्या तरी ओळखीने तुम्ही आलात. आम्हाला शेकरू हवा होता, राज्यप्राणी म्हणून. तुम्ही म्हणालात, शेकरूला तीन रंग, म्हणजे छपाईच्या तीन फ्रेमा; धनेश काळा-पांढरा, एका फ्रेमेत बसतो आणि आपल्याच रानातला आहे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो, हे ऐकल्यावर तर चर्चाच संपली. ‘असा नवरा निदान पिशवीवर तरी असू दे,’ असं कोण म्हणालं ते मी सांगणार नाही.

पहिल्या खेपेचा फजितवाडा तुम्हाला आठवतच असेल. कोऱ्या कापडाला खळ असते, हे शिवणाऱ्या आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. शाई खळीवर बसली आणि पहिल्या धुण्यात धनेशाची चोच गेली. वर कापड आटलं ते वेगळंच. तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर तागा पाण्यातून काढायला बसलात, आणि छपाई वाळल्यावर उलट्या बाजूने गरम इस्त्री कशी फिरवायची ते दाखवलंत. बंदाला चौकोन करून आत फुलीची शिलाई, हाही तुमचाच हट्ट. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ चा हिशेब तुम्ही सांगितला होतात: सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर हवामानाच्या बाबतीत ती एकदाच वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. म्हणजे विसाव्या बाजारात बंद तुटला, तर सगळं मुसळ केरात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. चित्र झाल्यावर तुम्ही पिशवीमागे ५ रुपये मागितलेत, तेव्हा खरं सांगते, मला राग आला होता. चांगल्या कामाला पैसे कसले मागते ही, असं वाटलं. तुम्ही शांतपणे आमची वही मागितलीत. कापड, दोरा, छपाई मिळून ४८ रुपये, विक्री ५० ला. तुम्ही विचारलंत, ‘यात शिलाई कुठे लिहिली आहे?’

शिलाई कुठेच नव्हती, ताई. आठ जणी वर्षभर २ रुपयांसाठी मशीन चालवत होतो, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. घरकाम कुठे कोण मोजतं, तसंच ते.

आता पिशवी ९० ला आहे. शिलाईचे २५, तुमचे ५. भाव वाढवला म्हणून दोन दुकानदार तुटले, तेवढं वाईट वाटलं. उरलेले मात्र घेतात, आणि चित्र कुणाचं ते विचारतात.

जानेवारी ते एप्रिल ३४० पिशव्या गेल्या. तुमचे १७०० रुपये सोबत पाठवत आहे. पोचल्याचं कळवा, वहीत लिहायचंय. पुढचं ताम्हणाच्या फुलांचं चित्र तेवढं पावसाच्या आत द्या. एकदा कोकणातला पाऊस लागला की शाई वाळत नाही आणि छपाईवाला फोन उचलत नाही.

तुमची,
गटाची वही सांभाळणारी