हवा बाहेर काढायची, तर आत यायला वाट ठेवा

महोदय,

भिंतीला ओल आली, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली, की लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात. नवा रंगही फुगला की मग मला. मी घरगुती वायरिंगची कामं करतो. एक्झॉस्ट फॅनबद्दल काही गोष्टी आपल्या वाचकांपर्यंत जाव्यात असं फार वाटतं, म्हणून हे पत्र.

फॅन घेताना लोक विचारतात, ‘किती इंची घेऊ?’ विचारायला हवं ते हे, की तासाला तो किती हवा ओढतो. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणली की घनफळ मिळतं. बाथरूमची हवा तासात साधारण ८ वेळा बदलावी, स्वयंपाकघराची १५ ते २० वेळा. २ बाय १.५ मीटरचं, २.५ मीटर उंच बाथरूम म्हणजे ७.५ घनमीटर, त्याला तासाला ६० घनमीटर हवा ओढणारा फॅन लागतो. तेवढ्याच उंचीचं ३ बाय ३ मीटरचं स्वयंपाकघर मात्र साडेतीनशे ते साडेचारशेच्या आसपास जातं. खोक्यावरचा आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा असा असेल तर १.७ने गुणावा. हा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पाइप जोडला की तो घटतो. म्हणून हिशेबापेक्षा थोडा वरचाच घ्यावा.

बाहेरच्या भिंतीत थेट बसणार असेल तर साध्या पात्यांचा फॅन उत्तम. मध्ये लांब पाइप आणि वळणं असतील तर तो दम धरत नाही. तिथे सेंट्रिफ्युगल ब्लोअर, म्हणजे दाबाने हवा ढकलणारा बंद पेटीतला पंखाच हवा. एका घरी फॅनमधून पाणी टपकतं म्हणून गेलो होतो. फॉल्स सीलिंगचा तुकडा उतरवला, तर आत घड्यांचा लवचिक पाइप जसाच्या तसा वेटोळं करून टाकलेला. खालच्या वळणात वाफेचं पाणी साचलेलं आणि पाइपाचं दुसरं तोंड भिंतीपर्यंत पोचलेलंच नाही. रोजची सगळी वाफ छताच्या पोकळीत जात होती. वरच्या फळ्या हाताने दाबल्या तर बोट रुतत होतं. फॅन चांगला होता, आवाजही बरोबर होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. पाइप लागेल तेवढाच कापावा, ताणून बसवावा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा आणि तोंड उघड्या हवेतच काढावं. फॅनच्या तोंडापेक्षा बारीक पाइप कधीच जोडू नये. १५० मिलिमीटरच्या पाइपाचं तोंड १०० मिलिमीटरच्या सव्वादोन पट असतं, एवढा फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर जाते. दार घट्ट लागतं, खाली फट नाही, खिडकी बंद. अशा खोलीत फॅन म्हणजे बूच लावलेल्या बाटलीतून हवा ओढणं. दाराखाली निदान १० मिलिमीटर फट ठेवा किंवा दाराला जाळी बसवा, तीही फॅनच्या समोरच्या बाजूला. फॅनला लागून असलेली खिडकी उघडली तर तिथली हवा तिथूनच बाहेर जाते, खोली कोंदटच राहते. फॅन चालू करून, दार लावून कागदी रुमालाचा तुकडा फॅनच्या जाळीला लावून पाहा. दार उघडताच धरतो आणि लावलं की पडतो, तर दोष फॅनचा नाही.

यात जिवाचा प्रश्नही आहे. घरात गॅसवर पाणी तापवणारं यंत्र असेल आणि हवेला वाट नसेल, तर जोरदार फॅन धुराड्यातून बाहेर जाणारा धूर उलटा आत ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. धुराडं नसलेलं यंत्र तर बाथरूममध्ये नकोच, फॅन कितीही मोठा असला तरी. हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि इथेही कळकळीने सांगतो.

बाकी थोडक्यात. बाथरूमसाठी आयपीएक्स ४ दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा फॅन घ्या आणि शॉवरच्या तुषारांपासून लांब बसवा. आंघोळीनंतर तो १५-२० मिनिटं चालायला हवा, त्यासाठी टायमर सोयीचा. स्वयंपाकघरात शेगडीच्या शक्य तितक्या जवळ, पण आचेपासून दूर, आणि पाती सहज निघतील असा धातूचा फॅन बरा, कारण तेलकट थर साचला की ओढ कमी होते. स्वयंपाकघर आणि बाथरूमचा पाइप एकत्र जोडू नका. शौचालयाला लहान फॅन पुरतो. मागे आपोआप मिटणाऱ्या झडपा सगळीकडे हव्यात.

घराचे आराखडे करणाऱ्यांना माझी विनंती आहे. फॅनचं भोक, पाइपाचा मार्ग आणि हवा आत येण्याची जागा, तिन्ही गोष्टी नकाशावरच दाखवा. टाइल्स लागल्यावर आम्हाला बोलावलं, की उरलेल्या जागेतच फॅन बसवावा लागतो.

आपला,
एक वायरमन